सार्जंटचा डावा पाय

सान्ता रुफीना, ओआहाका
२ फेब्रुवारी १९८७

चेलो,

तुझं पत्र शनिवारी आलं. उभ्याउभ्याच फोडलं आणि वाचून झाल्यावर मटकन खाली बसले. आपली तिली लग्न करतेय! अगं, माझ्या शालीत मुटकुळं करून झोपणारी ती पोर, आणि तिला म्हणे नोटरीच्या मुलाने पसंत केली. बातमी पहिल्यांदा कोणाला सांगितली, ओळख पाहू. सार्जंटला. हसू नकोस. त्याने पिसारा फुलवला, गळ्याखालची लाल पिशवी हलवली आणि असा काही गुडगुडला की शेजारची फेलिसितास भिंतीवरून डोकावली. तिला वाटलं घरात चोर शिरला.

तो अजून आहे बरं का. नऊ वर्षांचा म्हातारा झालाय, पण ऐट तीच. टर्की आता तीनच ठेवल्यात. एक सार्जंट, एक काणी, जिचा डोळा ससाण्याने काढला, आणि एक सासूबाई. सासूबाई का, ते तिला दाणे खाताना बघितलंस की कळेल. आधी दुसरीला टोचते, मग आपण खाते. या तिघांना मी कापत नाही आणि विकतही नाही. गाव मला वेडी म्हणतं. म्हणू दे. कोंबड्या अकरा आहेत, त्यांच्या अंड्यांवर माझं भागतं. आईचा नियम अजून मोडलेला नाही: वरचं अंगण टर्कींचं, खालचं कोंबड्यांचं, मध्ये दगडी भिंत. आठवतं ना, तू एकदा कोंबडी वर सोडलीस म्हणून आईने तुझ्या पाठीत केरसुणी घातली होती?

आता मुद्द्याचं. तिलीला मी शब्द दिलाय. तू पुएब्लाला लोकांच्या घरी कामाला गेलीस तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि येऊन घेऊन गेलीस तेव्हा बारा. जायच्या आदल्या वर्षी ती फाटकावर झोके घेत होती आणि एका पिल्लाचा पाय फटीत सापडला. डाव्या पायाचं मधलं बोट गेलं. पोरीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मग त्याच पिल्लाला छातीशी धरून वाढवलं. ती शीळ घालायची आणि तो जिथे असेल तिथून उत्तर द्यायचा. तोच सार्जंट. तेव्हा मला म्हणाली, "माय, माझ्या लग्नात तू यालाच घेऊन नाचायचंस." नवरीला जिने वाढवलं तिनेच घरची टर्की कडेवर घेऊन पहिलं नाचायचं असतं, हे तुला मी काय सांगू. मी हो म्हटलं. तेवढा शब्द मला पाळायचाय, चेलो. दुसरं काही मी तुझ्याकडे कधी मागितलेलं नाही.

मुलाकडचे मागणी घालायला कधी येताहेत ते कळव. तिलीसाठी लिहिलेलं पत्र सोबत आहे. आठ वर्षांत माझ्या एकाही पत्राला तिने उत्तर दिलं नाही. आता तरी दे म्हणावं.

तुझी ताई,
देल्फिना


पुएब्ला
२७ फेब्रुवारी १९८७

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. प्रकृती ठीक आहे हे वाचून समाधान वाटलं. इकडे यांचं औषधांचं दुकान बरं चाललंय. ओतिलिया खरेदीत बुडालेली आहे. (आता तिला तिली कोणी म्हणत नाही, तिलाच आवडत नाही.) तुझं पत्र तिला दिलं. सवड झाली की लिहीन म्हणाली. तिला लिहायचा किती कंटाळा आहे ते तुला ठाऊकच आहे.

आनंदाची बातमी अशी की हेरार्दोचे आईवडील ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात, गुरुवारी, सान्ता रुफीनाला यायचं म्हणताहेत. मुलीचं मूळ घर बघावं अशी त्याच्या आईची, दोन्या आम्पारोंची, इच्छा आहे. ताई, रागावू नकोस, पण स्पष्टच लिहिते. विहीणबाई फार नाजूक आहेत, आणि आपल्या दारात टाकलेलं पहिलं पाऊल कोंबड्यांच्या घाणीत पडतं. तो वास मला अजून स्वप्नात येतो. त्या चार दिवसांपुरत्या तरी कोंबड्या तिथून हलव, वरच्या अंगणात ने. आईचा नियम मी विसरलेले नाही, पण आईला भुतंसुद्धा दिसायची. चार दिवसांत काय होतंय?

आणखी एक. ओतिलिया चटईवर झोपायची, तुझ्याबरोबर बाजारात अंडी विकायला बसायची, हे विषय त्यांच्यापुढे काढू नकोस. टर्कीच्या नाचाचंही सध्या नको. शहरातली माणसं आहेत, हसतील.

मुलीच्या भल्यासाठी एवढं कर.

तुझी,
कोन्सुएलो


सान्ता रुफीना
२९ मार्च १९८७

चेलो,

का कोन्सुएलो म्हणू? सहीत पूर्ण नाव बघून मला वाटलं, नगरपालिकेची नोटीस आली.

तुझं पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस नुसती भांडी आपटत होते. ज्या अंड्यांचा विषय काढायचा नाही म्हणतेस, त्याच अंड्यांवर तुझ्या लेकीच्या पायात शाळेचे बूट आले. पण मग म्हटलं, मरू दे. चार दिवस तोंडाला कुलूप लावीन. पोरगी आठ वर्षांनी दारात उभी राहणार, त्यापुढे बाकीचं काय घेऊन बसायचं.

तर सगळं केलंय, ऐक. खालचं अंगण वीतभर खरवडलं आणि ती माती टोपल्यांनी ओढ्यापलीकडे नेऊन टाकली. भिंतींना चुना दिला. कोंबड्या फेलिसितासकडे ठेवणार होते, पण तिचा कुत्रा नेमका तेव्हाच तिचीच बदकं खाऊन बसला. मग नेल्या वर. मध्ये काटक्यांचं कुंपण घातलंय, पण कोंबड्या कसल्या ऐकतात. सकाळी बघते तर दोघी सासूबाईंच्या परातीत चोच घालून उभ्या. आज नऊ दिवस झाले. इतक्या लवकर का नेल्या म्हणशील, तर अंगण वाळायला हवं, वास जायला हवा. तुझ्या दोन्या आम्पारोंच्या नाकाचा प्रश्न आहे.

देवळातून वीस खुर्च्या मागून आणल्यात. मोलेच्या रश्श्यासाठी मिरच्या निवडून झाल्या, कोको भाजायचा राहिलाय. सार्जंटसाठी लाल फीत घेतली. नाच नको म्हणालीस, नाही नाचणार. पण तिली शीळ तर घालेल ना? शिळेला तर कोणी हसणार नाही?

येताना तिलीसाठी जाड स्वेटर घे, इथे पहाटे अजून थंडी वाजते.

तुझी ताई,
देल्फिना


सान्ता रुफीना
२० एप्रिल १९८७

चेलो,

गुरुवारी सकाळपासून दारात बसले होते. दुपारची बस आली. तिघं उतरले: पाद्री, एक बर्फ विकणारा आणि फेलिसितासचा दारुडा दीर. शुक्रवारी म्हटलं, उपासाचा दिवस आहे, प्रवास करणार नाहीत. शनिवारी मोले तीनदा गरम करून करून आटली. काल ईस्टरला खुर्च्या परत केल्या. देवळातल्या म्हातारीने विचारलं, "गेले का गं पाहुणे?" मी म्हटलं, "हो. फार छान माणसं होती."

दुकानातल्या टेलिफोनपाशी दोनदा जाऊन बसले. तुझा फोन नाही. कोणाला काही झालं का? तेवढं तरी कळव, जीव टांगणीला लागलाय.

अंगण अजून तसंच स्वच्छ ठेवलंय, कोंबड्याही वरच आहेत. न जाणो, या आठवड्यात आलात तर पळापळ नको. काणी मात्र कालपासून पंख पाडून कोपऱ्यात उभी आहे, दाण्यालाही येत नाही. ऊन लागलं असेल.

देल्फिना


पुएब्ला
३ मे १९८७

प्रिय ताई,

तुझी क्षमा मागते. बुधवारी दोन्या आम्पारोंचं डोकं चढलं आणि सगळा बेत रद्द झाला. तुझ्याकडे फोन लावला होता, पण लागला नाही. तुझी तयारी वाया गेली याचं मला फार वाईट वाटतं.

लग्न १३ जूनला ठरलंय, इथे पुएब्लातच. समारंभ अगदी घरगुती आहे. हॉल त्यांच्या ओळखीतला, खुर्च्या मोजक्या, माणसं जास्त त्यांच्याकडचीच. मी खूप विचार केला, ताई. दहा तासांचा बसचा प्रवास, तुझे गुडघे, आणि तुझ्यामागे त्या जनावरांकडे कोण बघणार? शिवाय इथे तुला अवघडल्यासारखं होईल. लग्न उरकलं की ओतिलियाला घेऊन मी स्वतः तुझ्याकडे येईन.

पण एक गंमत झाली. हेरार्दोच्या बहिणीने कुठल्याशा मासिकात आपल्याकडच्या टर्कीच्या नाचाचे फोटो बघितले. आता सगळ्यांनी हट्टच धरलाय की नाच हवाच. फोटोग्राफरलाही सांगून झालं. ओतिलियाने त्यांना सार्जंटबद्दल काहीबाही सांगितलेलं दिसतं. तेव्हा त्याला पाठवून दे. गावातला तासियो लसणाचा ट्रक घेऊन १० जूनला इकडे येतोय, त्याच्याबरोबर टोपलीतून पाठव. पंख नीट धुऊन घे आणि ती लाल फीत बांध. त्याला घेऊन मीच नाचेन. आई म्हणून तेच शोभून दिसेल.

तुझी,
कोन्सुएलो


सान्ता रुफीना
१७ मे १९८७

चेलो,

टर्की हवी, टर्कीवाली नको. बरं. मग ऐक आता.

काणी २३ एप्रिलला मेली. विष्ठा पिवळीजर्द, गंधकासारखी. डोकं काळवंडलेलं. मी लसूण ठेचून चारला, मधाचं पाणी पाजलं, काही उपयोग झाला नाही. आठवड्याने सासूबाई गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला टोचलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. सार्जंटला घरात आणलं आणि तिलीच्या जुन्या चटईवर ठेवलं. मग त्लाकोलुलाच्या बाजारात गुरांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कोंबड्यांबरोबर ठेवल्या होत्या का?"

मी हो म्हटलं.

"मावशी, कोंबडीच्या पोटात हे असतंच," तो म्हणाला. "तिला काही होत नाही, ती मजेत फिरते. पण तिची घाण पडलेल्या मातीत टर्कीने चोच घातली की काळीज सडतं बघा."

त्याने पुडी दिली, पण उशीर झाला होता. सार्जंट ९ मेला गेला. जाताना मान माझ्या पोटरीवर टेकवली होती. तिलीची शीळ मला नीट जमत नाही, तरी घातली. त्याने घशातल्या घशात काहीतरी केलं. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, पंख नीट धुऊन दे म्हणून.

अकराच्या अकरा कोंबड्या ठणठणीत आहेत. रोज अंडी देतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही, पण त्यांचा काय दोष? दोष माझा. आईची केरसुणी तुझ्या पाठीत पडली, पण अक्कल दोघींनाही आली नाही. तू लिहिलंस चार दिवसांत काय होतंय, आणि मी बावन्न वर्षांची घोडी, ते ऐकलं. महिनाभर कोंबड्या वर ठेवल्या. कोणासाठी? जी बाई आलीच नाही तिच्या नाकासाठी.

डॉक्टरने तिघांना जाळायला सांगितलं, जाळलं. फक्त सार्जंटचा डावा पाय कापून ठेवलाय, चुना-मीठ लावून वाळवलाय. तिलीचं काही तरी माझ्यापाशी राहावं म्हणून.

आता मी येणार. टर्कीशिवाय. मला नाचू दिलंस तर रिकाम्या हातांनी नाचेन, नाही दिलंस तर मागे भिंतीला टेकून उभी राहीन. खुर्ची नकोच मला. पण तिच्या लग्नाला मी असणार. सोबतचं पत्र तिलीच्या हातात दे. सार्जंटचं मीच तिला लिहिलंय. दुसऱ्याच्या तोंडून तिला कळायला नको.

देल्फिना


पुएब्ला
२६ मे १९८७

ताई,

येऊ नकोस.

हे लिहायचं नव्हतं, पण तू ऐकणाऱ्यातली नाहीस म्हणून लिहावं लागतंय. तू यावंस असं ओतिलियालाच वाटत नाही. तिने मला तोंडाने सांगितलं. आता तिची माणसं वेगळी, राहणी वेगळी, तिला ते जुनं सगळं डोळ्यांसमोर नको आहे. रागाने नाही म्हणाली, पण म्हणाली. मी तिची आई आहे, मला तिचं मन सांभाळायला हवं.

तुझं पत्र तिला अजून दिलेलं नाही. लग्नाच्या तोंडावर तिला रडवून काय मिळणार? नंतर देईन. टर्कीचं मी बघते. इथल्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात, आणि एका टर्कीतला नि दुसऱ्या टर्कीतला फरक कळतोय कोणाला?

तिच्यावर खरंच माया असेल तर घरी राहा.

कोन्सुएलो


पुएब्ला
२८ जून १९८७

देल्फिना मावशी,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. आजवरची सगळी मी आईकडे देत होते, ती दुकानाच्या टपालाबरोबर पाठवायची. पहिल्या वर्षी तर दर आठवड्याला लिहायचे. तुला आठवत असेल. नसेलही, कारण तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. आई म्हणायची, "तिचा जीव पक्ष्यांत आहे, माणसांत नाही." मी तिच्याशी भांडायचे.

तू लग्नाला येशील याची मला खात्री होती. आई म्हणाली, जनावरं सोडून यायला ती तयार नाही, पण सार्जंटला पाठवलंय. मला खरं वाटलं नाही. ओआहाकाची बस येऊन जाईपर्यंत मी देवळाच्या दारातून हलले नाही, पाद्रीबाबा ओरडले माझ्यावर. मग हॉलमध्ये आईने टर्की कडेवर घेतली. लाल फीत बांधलेली होती. सगळे टाळ्या वाजवत होते. मी जवळ जाऊन शीळ घातली, आपली शीळ. त्याने मानसुद्धा वळवली नाही. म्हटलं, आठ वर्षांत विसरला असेल. मग खाली वाकून पाय बघितला. डावा. चारही बोटं जागच्या जागी होती.

मी म्हटलं, "आई, हा सार्जंट नाही."

आई हसली. "काहीतरीच काय! तुझ्या मावशीनेच पाठवलाय."

म्हणजे खरा तू तुझ्याजवळ ठेवलास आणि मला कुठलातरी बाजारातला नर पाठवून दिलास. एवढी का गं मी परकी झाले? मी काही मागत नव्हते. तू रिकाम्या हातांनी आली असतीस तरी चाललं असतं. सासरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं मी, की मला जिने वाढवलं ती येणार आहे. दोन्या आम्पारो सारख्या विचारत होत्या, "तुझी माय कुठे आहे?" त्या तर ईस्टरला तुझ्याकडे यायला बॅग भरून बसल्या होत्या. कोंबड्यांची त्यांना फार आवड, त्यांच्या माहेरी दोनशे होत्या म्हणे. आईने आयत्या वेळी सांगितलं की तू घराला कुलूप लावून यात्रेला गेलीस. आम्ही येणार म्हटल्यावर तू कुलूप लावलंस.

हेरार्दोची उत्तरेला बदली झालीय, उद्या निघतोय. नवा पत्ता देत नाही. उत्तर येणार नाही हे माहीत असताना पत्ता कशाला द्यायचा?

सार्जंटला माझ्या वाटचे मूठभर दाणे घाल.

ओतिलिया


सान्ता रुफीना
१२ जुलै १९८७

चेलो,

तिलीचं पत्र आलं. तिने स्वतः पेटीत टाकलं, म्हणून आलं.

पक्षी मेले तेव्हा मी रडले होते. आता रडू आलं नाही, शिव्या आल्या. त्या इथे लिहीत नाही. अंगणात उभी राहून तुला सगळ्या घातल्या, फेलिसितासने कान देऊन ऐकल्या, तिला विचार.

किती पत्रं होती गं? जाळलीस की ठेवलीस? वाचलीस ती नक्कीच. मी इथे त्या पोरीला कृतघ्न म्हणत बसले आणि ती तिथे मला दगड समजत बसली. आणि बिचाऱ्या दोन्या आम्पारो! त्यांना मी महिनाभर नावं ठेवली. त्यांना कसला वास येणार होता? वास तुला येत होता. माझी तीन जनावरं मेली ती तुझ्या नाकासाठी मेली. त्या डॉक्टरने सांगितलं ते मी कोंबड्यांबद्दल ऐकलं, तुझ्याबद्दल ऐकायला हवं होतं. तुझ्या पोटात हे आठ वर्षं होतं, आणि तू मजेत फिरत होतीस.

'माय'ची मी 'मावशी' झाले. पत्राच्या पहिल्याच ओळीत. तो शब्द मी अजून पुन्हापुन्हा बघते.

आता माझी अडचण ऐक आणि हसायचं तर हस. पत्ता तिने मला दिलेला नाही. तो तुझ्याकडे आहे. म्हणजे ज्या हातांनी माझी सगळी पत्रं अडवली, त्याच हातांत मला हे पुडकं द्यावं लागतंय. यात पत्र नाही. पत्रं तू वाचतेस. फडक्यात गुंडाळलेला सार्जंटचा डावा पाय आहे. तुझ्याविरुद्ध त्यात एक अक्षर नाही, भिऊ नकोस. फक्त तिला पाठव. बोटं तिला मोजता येतात. बाकीचं तिचं तिला कळेल.

एवढं केलंस तर उरलेलं सगळं मी गिळीन. कोणाला सांगणार नाही, तिलासुद्धा नाही.

देल्फिना


पुएब्ला
१८ ऑक्टोबर १९८७

ताई,

पुडकं मिळालं. मागून आलेली तुझी तीन पत्रंही मिळाली. उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. फडकं सोडलं आणि पाय लगेच ओळखला. त्या पिल्लाची गोष्ट मी या घरात इतक्या वेळा ऐकली आहे की फाटकाचा आवाजसुद्धा मला पाठ आहे.

तू खरं विचारलंस, म्हणून एकदा खरं लिहिते. तिला इथे आणली तेव्हा ती मला 'बाई' म्हणायची. पोटची पोर, आणि मला बाई. ताप आला की 'माय, माय' करायची, मी उशाशी बसलेली असताना. आठ वर्षं मी परक्यांच्या फरश्या पुसल्या त्या हिच्यासाठी, आणि तिची माया सगळी तुझ्या त्या अंगणात राहिली. तिने तुला लिहिलेलं पहिलं पत्र मी फक्त आठवडाभर ठेवणार होते. थोडी इथे रुळू दे, मग पाठवू म्हटलं. मग दुसरं आलं. मग दुसरं पाठवायचं तर पहिल्याचं काय सांगायचं? दोन वर्षांनी तिने मला पहिल्यांदा आई म्हटलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करायला लावलं.

हा पाय तिच्या हातात पडला तर ती दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभी राहील, आणि माझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. तू काही न सांगताही सगळं तिला कळेल. म्हणून मी तो पुरला. गच्चीवर, गुलाबाच्या कुंडीत. पत्ताही देणार नाही.

ती बरी आहे. दिवस गेलेत तिला. तुझ्यावर रागावलेली आहे, तरी परवा फोनवर म्हणाली, मुलगी झाली तर देल्फिना ठेवायचं. मी म्हटलं, फार जुनाट वाटतं.

तुला लिहायचं असेल तर लिहीत जा, ताई. वाचणारी मीच असेन.

चेलो